दुसरी तपासणी

बसलेली असले की माझा उजवा पाय टाचेवर नाचत राहतो. समोरच्या माणसाला टेबल थरथरल्यासारखं वाटतं, तो इकडेतिकडे बघतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की हे या बाईचं काम आहे. आईने रागावून पाहिलं, नवऱ्याने हसून पाहिलं, मुलगी आता नुसती माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "मॉम, स्टॉप." अमेरिकेतल्या हर्नडन गावात ही नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं होतं, हे काम आपल्याला ताळ्यावर आणेल. या कामात घाईचा काही उपयोग नाही, उलट घाई केली की ते बिघडतं. मी ते बिघडवलंच, आणि त्याची झळ मला बसली नाही, एका म्हाताऱ्या माणसाला बसली.

आधी काम सांगते. एखाद्या ऑफिसातल्या कंप्युटरवर संशय आला, तर तपासणाऱ्याला त्यातल्या सगळ्या फाइली उघडून बघणं जन्मात शक्य नसतं. लाखो फाइली असतात, आणि त्यातल्या बहुतेक अगदी साध्यासुध्या, विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या. अशा प्रत्येक फाइलवर एक ठरावीक गणित चालवलं की चौसष्ट अक्षरांची एक ओळ बाहेर पडते. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं, एवढ्यातूनच ती बनते. तिला हॅश म्हणतात. हे अंगठ्याच्या ठशासारखंच आहे. फाइल तीच असेल तर जगात कुठेही, कोणीही गणित केलं तरी ओळ तीच येते, आणि फाइलमध्ये एखादा स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी ओळ सगळीच्या सगळी बदलते.

आमची कंपनी अशा ओळखीच्या फाइलींच्या हॅशची यादी ठेवते. बाजारात नवीन सॉफ्टवेअर आलं की त्याचं पॅकेज उतरवून घ्यायचं, आतल्या एकेका फाइलीचा हॅश काढायचा आणि यादीत घालायचा. तपासणारे लोक त्यांच्याकडच्या फाइली आमच्या यादीशी ताडून बघतात. जी जुळली ती ओळखीची, ती बाजूला. जी उरली तिच्याकडे माणसं बघतात. म्हणजे आमच्या यादीत एखादी भलतीच फाइल शिरली, तर पुढे तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, आणि मी ते नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

म्हणून आमच्याकडे दोघांचा नियम आहे. एका पॅकेजला दोन माणसं. दोघांनी ते दोन वेगळ्या ठिकाणांहून उतरवायचं, दोघांनी आपापला हॅश काढायचा, आणि दोन्ही जुळले तरच ते यादीत. शिवाय आमच्या बॉसचा आग्रह असा, की शेवटी दोघांनी फोनवर पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं तोंडी वाचायची. ती अमेरिकन बाई फार कमी बोलते, पण या बाबतीत हट्टी आहे. तिचं म्हणणं, कॉपी-पेस्ट डोळे मिटूनही करता येतं, वाचताना माणूस निदान एकदा बघतो.

पहिली तपासणी माझी. दुसरी तपासणी काकांची.

काका माझे कोणी नव्हेत. पुण्याहून पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेले इंजिनियर, टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. आमच्या कंपनीत घरबसल्या दिवसाचे चार तास काम करायचे. ऑफिसात त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारत, अगदी चोवीस वर्षांची पोरंसुद्धा. मला ते जमेना. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ आणि तोंडाने मी त्यांची पुतणी, असा तो कारभार होता. मी त्यांना "काका, हे आज पाहिजे हं" म्हणायची आणि ते मला "बरं बाई" म्हणायचे.

फोनवर वाचताना बी आणि डी सारखेच ऐकू येतात, म्हणून काकांनी गावं ठरवली होती. ए अकोल्याचा, बी बारामतीचा, सी चिपळूणचा, डी दापोलीचा, ई एरंडोलचा, एफ फलटणचा. आकडे मराठीत, जोडीजोडीने. "सत्तावीस, बारामती, चार, फलटण, फलटण, एकोणनव्वद." मी नागपूरची, मला एकोणनव्वद म्हटल्यावर क्षणभर थांबून हिशोब करावा लागतो, कारण माझं सगळं गणित इंग्रजीत झालं. काकांना त्याची गंमत वाटायची. "एटी नाइन गं," असं ते सावकाश सांगायचे, मग पुढची जोडी, मग चहाचा घोट. सोळा अक्षरांना चार मिनिटं. माझा पाय इकडे टेबलाखाली नुसता नाचत असायचा.

काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, चिपच्या कंपनीत. तिच्या अपार्टमेंटमध्ये काकांसाठी एक खोली तयार होती आणि ती दर रविवारी फोनवर 'कधी येताय' हेच विचारायची. काका मला सगळं सांगायचे, हॅश वाचून झाल्यावर. "नोकरी आहे तोवर सांगता येतं, बाबा, मला कामं आहेत. ज्या दिवशी ही नोकरी गेली ना, त्या दिवशी माझ्याकडे एक कारण उरत नाही. मग बसायचं तिकडे जाऊन पाहुण्यासारखं, त्यांच्या सोफ्यावर, त्यांच्या टीव्हीसमोर." हर्नडनचं त्यांचं टाउनहाउस मी पाहिलं होतं. मागच्या डेकवर कुंड्यांमध्ये कढीपत्ता, थंडीत आत घ्यायचा, उन्हाळ्यात बाहेर काढायचा. स्वतः ड्राइव्ह करून ते ग्रोसरीला जायचे, लायब्ररीत जायचे, रविवारी मराठी शाळेत मोठ्या मुलांना गणित शिकवायचे. चार तासांची ती नोकरी त्यांच्या सगळ्या संसाराचा टेकू होती, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

चेरीची फुलं गळून गेली होती त्या सुमारास एका ग्राहकाकडून फोन आला. त्यांच्या एका ऑफिसातली यंत्रं बाहेर कुठेतरी माहिती पाठवत होती. दोन आठवडे त्यांच्या लोकांना काही सापडत नव्हतं, कारण ते उरलेल्या फाइलींमध्ये शोधत होते. शेवटी एका चिवट मुलीने ओळखीच्या फाइलींमध्येही हात घातला आणि तिला ती मिळाली. स्कॅन केलेली वाकडी पानं सरळ करणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर होतं, त्याच्या पॅकेजमधली. कोणीतरी त्यात स्वतःचं काहीबाही घुसडलं होतं. आणि त्या घुसडलेल्या फाइलीचा हॅश आमच्या यादीत होता. ओळखीची म्हणून. माझी सही, काकांची सही.

बॉस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, की दोन माणसांनी दोन ठिकाणांहून उतरवलेल्या पॅकेजमध्ये एकच खोट कशी सापडते. मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. नोंदीप्रमाणे काकांनी हॅश काढला होता तो माझ्या फोल्डरमधल्या फाइलवरून. त्यांनी वेगळी उतरवलेलीच नव्हती. म्हणजे दुसरी तपासणी झालीच नव्हती, पहिलीच दोनदा झाली होती.

मला इतका संताप आला की कान तापले. मी माझं पॅकेज एका दुसऱ्या साइटवरून घेतलं होतं, जिथे बनवणाऱ्यांच्या फाइलींची नक्कल ठेवलेली असते. बनवणाऱ्यांची स्वतःची साइट त्या दिवशी रेंगाळत होती. नक्कल ठेवणारी साइट कोणीतरी फोडली असेल, तर ते मला कसं कळणार? ते कळावं म्हणून तर दुसरा माणूस! त्याने बनवणाऱ्यांकडून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. आणि काकांनी काय केलं, तर माझ्याच फोल्डरमधून उचललं. कॉपी. शाळेतल्या पोरासारखी.

दुपारी मी तडक त्यांच्या घरी गेले. ऑफिसपासून दहा मिनिटं. काकांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि चहाचं आधण ठेवायला वळले. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. "काका, असं कसं केलंत तुम्ही? रूल माहितेय ना? तुमच्यामुळे आज मला तिथे मान खाली घालावी लागली."

"हो," काका म्हणाले. "चुकलं."

"चुकलं म्हणजे काय? असं किती वेळा केलंय? काका, सिरियस आहे हे!"

"चुकलं गं. साखर किती?"

मला त्यांचं ते शांतपण अजिबात सहन झालं नाही. भांडले असते, कारणं दिली असती, डोळ्यांना दिसत नाही म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं. चहा अर्धा टाकून मी निघाले. गाडीत बसल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. काका हिशोबात चुकणारे होते, एखाद्या वेळी चुकून भलत्याच, मॅक कंप्युटरचं पॅकेज उतरवून बसणारे होते, पण आळशी नव्हते. साखर डब्यातून घेतानाही चमचा सपाट करून घेणारा माणूस कॉपी कशाला करेल? टोल रोडवर मी माझं वळण चुकवलं आणि डलसच्या विमानतळापर्यंत जाऊन परत फिरले.

ऑफिसात येऊन मी त्या पॅकेजची सगळी नोंद उघडली. वरवर बघितली तर शेवटचे आकडे दिसतात. खाली एक छोटी खूण आहे, ती दाबली की आधी खोडलेलंही दिसतं. तिथे काकांची पहिली नोंद होती. दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. पॅकेज बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेलं. हॅश वेगळा. माझ्याशी न जुळणारा, म्हणजे खरा. आणि वीस मिनिटांनी तो खोडून तिथे माझ्या फोल्डरमधून काढलेला.

त्या वीस मिनिटांत काय झालं, ते बघायला मी ऑफिसची चॅट उघडली. आम्ही दोघं चॅटवर मराठीतच लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत, कारण कंपनीच्या लॅपटॉपवर देवनागरी टाकून घ्यायचा आळस. वर चढत चढत मी त्या दिवशीपर्यंत गेले.

"जुळत नाही. साइझ पण वेगळा आहे," काकांनी लिहिलं होतं.

"काका जुनं व्हर्जन घेतलं असणार तुम्ही." ही मी.

"नाही गं. आत्ताच घेतलं, त्यांच्याच साइटवरून. जुळत नाही."

"काका प्लीज यार. मागच्या वीकमध्ये पण तुमचं हेच झालं होतं. माझ्या फोल्डरमधलं घ्या आणि संपवा ना. मला पिकअपला जायचंय."

यानंतर आठ मिनिटं काहीच नव्हतं. मग काकांचा एकच शब्द. "बरं."

मला तो दिवस आठवलाही नाही, हे सगळ्यात वाईट. मुलीला शाळेतून आणायची होती, तिला डेंटिस्टकडे न्यायचं होतं, एवढं चॅटवरून कळलं. शाळेसमोरच्या गाड्यांच्या रांगेत बसून मी फोनवर 'दोन्ही जुळले'च्या पुढचं "हो" दाबलं असणार. तोंडी वाचन केलंच नव्हतं. मी ती चॅट चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचायला लागले तेव्हा शेजारच्या मुलाने टेबलावर हात ठेवला आणि विचारलं, ठीक आहेस ना?

मला लगेच उठून बॉसकडे जाता आलं असतं. तिची केबिन वीस पावलांवर होती. मी गेले नाही. आमचं ग्रीन कार्ड सात वर्षं रांगेत होतं आणि ते या कंपनीच्या कागदांवर उभं होतं. नोकरी गेली तर देश सोडायला साठ दिवस. नवऱ्याचं काम, मुलीची शाळा, घर, सगळं त्या साठ दिवसांत गुंडाळायचं. हे सगळं खरं होतं आणि तरीही ते कारण नव्हतं. खरं कारण असं, की दोन तासांपूर्वी मी त्या माणसाच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्याला बोल लावून आले होते. आता कुठल्या तोंडाने फिरणार, हे मला कळत नव्हतं.

गुरुवारी बॉसने आम्हा दोघांना बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बॉस नीट कामाची आहे, तिनेही ती खालची खूण दाबलेली होती. तिला काकांची पहिली नोंद दिसली होती. तिच्या हातात त्या दिवशीच्या आमच्या चॅटचा छापील कागद होता. अशा प्रकरणातला मजकूर बाहेरच्या कुठल्याही भाषांतराच्या यंत्रात टाकायला आमच्याकडे मनाई आहे, म्हणून तिने तो टेबलावर आमच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते की नाही, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

त्याआधीच काका बोलले. त्यांच्या त्या जुन्या, स्वच्छ इंग्रजीत. ते म्हणाले, काही विशेष नाही, ती मला विचारते आहे की झालं का. मी म्हणतो आहे, अजून नाही. मग माझं मलाच वाटलं की मी जुनं पॅकेज घेतलंय, आणि वेळ वाचवायला मी तिच्या फोल्डरमधलं घेतलं. शेवटी मी कळवलं, झालं. त्यांनी बोटाने त्या शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली. बॉसने माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

बस, एवढंच. मान हलवली.

बॉस म्हणाली, वाईट याचं वाटतं की तुमच्याकडे बरोबर उत्तर होतं आणि तुम्ही ते सोडून दिलंत. तिचा आवाज चढलेला नव्हता. स्वतःचं उत्तर सोडून देणारा दुसरा तपासनीस मला ठेवता येणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. महिनाअखेरीला काकांचं काम संपणार होतं. काकांनी तिचे आभार मानले. पार्किंगमध्ये मी त्यांच्या मागे धावले तर गाडीचं दार उघडत ते म्हणाले, "अगं, माझं काय, माझं घर आहे, सिटिझनशिप आहे. तुझी ग्रीन कार्डची फाइल अडकलीय ना अजून? जा, आत जा. थंडी आहे." एप्रिलमध्ये काय थंडी होती, कोण जाणे.

त्यानंतरचे चार दिवस मी कुठेच धड बसले नाही. शनिवारी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू जे करशील ते कर, पण असं घरभर फिरू नकोस." मी फ्रिज आवरला. गराज आवरलं. मुलीचे जुने बूट आकारमानाप्रमाणे लावून ठेवले. रविवारी तिला मराठी शाळेत सोडायला गेले तर काका मोठ्या मुलांच्या वर्गात फळ्यासमोर उभे दिसले. एका मुलाने उत्तर सांगितलं. काकांनी फळ्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे. तो मुलगा म्हणाला, "काका, इट्स राइट." काकांनी खडू खाली ठेवला आणि दुसऱ्या शिक्षिकेला बोलावून विचारलं, "हे जरा बघता का?" मी दारातून निघून आले. मला वाटलं, दमले असतील.

सोमवारी सकाळी मी त्या चॅटचं शब्दाला शब्द भाषांतर केलं. "प्लीज यार"चंसुद्धा. कोण काय म्हणालं, कोणी कोणाला माझ्या फोल्डरमधलं घे म्हटलं, तोंडी वाचन का झालं नाही, सगळं. गुरुवारी मी मान का हलवली, तेही लिहिलं, त्याला इंग्रजीत फार शब्द लागले नाहीत. तो कागद घेऊन मी बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि ती वाचत असताना उभी राहिले. तिने दोनदा वाचलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने विचारलं, हॅश न जुळल्यावर आणखी किती वेळा तू त्यांना असंच म्हणाली होतीस? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मग शोधायला लाग.

माझी नोकरी राहिली. यादीत काही घालायचा माझा अधिकार गेला, आणि गेली दोन वर्षं नोंदवलेलं सगळं पुन्हा तपासायचं ठरलं. आणि काकांना परत बोलवायचं, असंही तिनेच सांगितलं. नुसतं परत नव्हे, पुन्हा तपासणीचं सगळं काम त्यांच्याकडे द्यायचं. तिच्या मते त्या दिवशी आमच्या ऑफिसात एकच माणूस आपलं काम करत होता. हे त्यांना तूच जाऊन सांग, ती म्हणाली.

मी जवळजवळ पळतच गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. काकांच्या दारात पोचले तेव्हा मागच्या डेकवरच्या कुंड्या पुढच्या पायरीवर आणून ओळीने मांडलेल्या होत्या. शेजारच्या तेलुगू बाई त्यातली एक उचलत होत्या. आत हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या होत्या.

मी सगळं एका दमात सांगितलं. कागद, बॉस, परत बोलावलंय, काम दुप्पट. काका सोफ्यावर बसून ऐकत होते. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "मनाला लागून राहिलं असतं तुझ्या." मग म्हणाले, "पण मी येत नाही गं. लेकीला कळवलंय. पुढच्या मंगळवारचं तिकीट आहे."

"काका, पण आता गरज नाही ना! जॉब आहे तुमचा. कॅन्सल करा ना तिकीट."

"जॉबचं नाही." ते उठले, स्वयंपाकघरात गेले, शेगडीच्या बटणांवरून एकेक हात फिरवून परत आले. "त्या दिवशी मी तुला दोनदा सांगितलं, जुळत नाही. साइझही बघितला होता. तू म्हणालीस जुनं असेल. मी पुन्हा उतरवलं, पुन्हा काढलं, तेच आलं. आठ मिनिटं नुसता बघत बसलो त्या ओळीकडे. मग वाटलं, ही रोज शंभर करते, मला हल्ली चष्म्यातून धड दिसत नाही, माझंच काहीतरी होतंय. तेव्हापासून असं झालंय बघ. गॅस बंद केला का, तीनदा बघतो. गोळी घेतली का, डबी मोजतो. परवा सिग्नल हिरवा होता, मागचा हॉर्न वाजवतोय, आणि मी आपला बघतोय, खरंच हिरवा आहे ना. अशा माणसाने एकट्याने राहू नये. गाडी तर चालवूच नये."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले, त्या उघड्या बॅगांच्या मध्ये. त्यांचा पहिला हॅश आणि बनवणाऱ्यांकडून आता मागवलेला हॅश मी सकाळीच ताडून बघितला होता, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, एकेक करून. तेच त्यांना सांगितलं. "काका, ऐका माझं. तुमचं बरोबर होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. चूक माझी होती."

त्यांनी माझ्याकडे मायेने बघितलं. माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि एक घडी केलेला शर्ट बॅगेत ठेवत म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल."